बोटीवर डीजे लावण्याआधी: मुंबईच्या आयोजकांना एका जुन्या बोटवाल्याचं खुलं पत्र

मुंबईहून बोटीवर इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव भरवायच्या तयारीत असलेल्या आयोजक मंडळींना,

स. न. वि. वि.

गणपतीच्या आठ दिवस आधी तुमच्यापैकी एका मुलाचा मला फोन आला. मी पडवीत नारळ सोलत बसलो होतो. "काका, तुम्ही मायामीच्या बोटींवर होतात ना? तिकडे चार-चार दिवस डीजे लावतात, ते कसं जमवतात, जरा दहा मिनिटांत सांगाल?" मुलगा बोलायला गोड होता. मी कोयता खाली ठेवला.

त्याने विचारलं, किनाऱ्यापासून किती मैल गेल्यावर बार उघडता येतो. मुख्य डीजेला कुठल्या डेकवरची केबिन द्यायची. स्विमिंग पूल झाकला तर वर किती माणसं नाचतील. सूर्योदयाला बोट कुठे असली म्हणजे ड्रोनचं शूटिंग चांगलं येईल. ठाऊक होतं तेवढं सांगितलं. मग मी विचारलं, "दिवसरात्र वाजणार, तर हाऊसकीपिंगला जादा माणसं किती घेताय?" तो म्हणाला, "ते शिपवाले बघतील ना, काका." आणि आभार मानून फोन ठेवला.

त्याच्या त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहायला बसलो. 'ते शिपवाले' म्हणजे मीच होतो.

आमच्याकडे शिरोडा-वेंगुर्ल्याच्या बाजूला "अमक्याचा मुलगा बोटीवर आहे" म्हटलं की पुढे कुणी फारसं विचारत नाही. घरावर स्लॅब पडला, बहिणीचं लग्न थाटात झालं, की बोट कशी चाललीय ते गावाला कळतं. गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात. मी अकरा वर्षं बोटीवर होतो, सगळी हाऊसकीपिंगमध्ये. आठ-नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, दीड-दोन महिने घरी, पुन्हा बोटींवर माणसं भरणाऱ्या मॅनिंग एजंटकडे खेपा, मेडिकल, आणि मायामी. माझ्याकडे अठरा केबिन असायच्या. त्या अकरा वर्षांत नाचाच्या पाच खेपा मी कामावर केल्या आणि सहावी, नोकरी सोडल्यावर, पाहुणा म्हणून केली. त्यामुळे बोटीच्या दोन्ही बाजूंचं थोडं सांगता येईल.

तुम्हाला हा प्रकार नवा वाटत असेल तर तो तसा नाही. 'ग्रूव्ह क्रूझ' २००४ पासून चालू आहे. फ्लोरिडातून २०१२ साली एमएससी पोएझिया या बोटीवर 'होली शिप' निघाली. सिंगापूरहून 'इट्स द शिप' २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा आशियातल्या लोकांना अमेरिकेपर्यंत जायची गरज उरली नाही. या सगळ्यांची पद्धत साधारण एकच. अख्खी बोट चार्टरवर घ्यायची. सकाळी नेहमीच्या सहलीचे आजी-आजोबा बॅगा ओढत उतरतात आणि दुपारी पंख लावलेली, चेहऱ्याला चमकी फासलेली पोरं चढतात. मधल्या पाच-सहा तासांत स्पीकर, दिवे, पडदे, जनरेटर, केबलची भेंडोळी, सगळं बोटीच्या पोटातल्या दारातून आत घेऊन सामानाच्या लिफ्टने वर न्यायचं. त्याच पाच-सहा तासांत हजारभर केबिनच्या चादरी बदलायच्या. या दिवसाला आम्ही टर्नअराउंड म्हणायचो. त्या दिवशी घरून फोन आला तरी कुणी उचलत नसे.

आता पाहुणा होऊन गेलो ते सांगतो. नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा नुसताच कुरकुरतोय.

माझी भाची टँपाला असते. तिला या संगीताचं वेड. ती म्हणाली, "मामा, अकरा वर्षं दुसऱ्यांच्या चादरी बदललास, आता चार दिवस तुझी कुणीतरी बदलू दे." जुन्या पासपोर्टात खलाशांच्या सी-वन-डी व्हिसाचे शिक्के आणि नव्यात पर्यटकाचा व्हिसा, त्यामुळे विमानतळावरच्या साहेबाने मला दोनदा विचारलं की नक्की कामाला आलायस की फिरायला. नाचायला आलोय, असं एकावन्नाव्या वर्षी सांगायला जीभ वळेना. भाचीने सांगितलं.

बंदरावर मी सवयीने क्रूच्या दाराकडे वळलो. भाचीने दंडाला धरून मागे ओढलं.

मला वाटलं होतं तसं ते नव्हतं. मी काम करायचो तेव्हा केबिनच्या दारावरच्या सजावटी म्हणजे आम्हाला काढाव्या लागणाऱ्या चिकटपट्ट्या एवढंच ठाऊक. (जुने पाहुणे लोहचुंबक आणतात. बोटीच्या भिंती पोलादी, चिकटपट्टीची गरजच नाही. तुमच्या तिकिटाबरोबरच्या सूचनांत एवढं लिहा, खालची माणसं दुवा देतील.) पाहुणा म्हणून त्या कॉरिडॉरमधून चालताना कळलं की दार सजवायचं ते 'या, आत या' असं म्हणायला. कुणी निळ्या दिव्यांची माळ लावलेली, कुणी दारावर फळा टांगलेला. रात्री दहा-बारा जणांची टोळी निघते, या केबिनमधून त्या केबिनमध्ये, प्रत्येक ठिकाणी एक गाणं, काहीतरी खायला, मग पुढचं दार. मला आमच्या गावचे गणपतीचे दिवस आठवले. भजनाचा ताफा रात्रभर या घरातून त्या घरात फिरतो, प्रत्येक घरी आरती, उसळ, चहा, आणि पहाटे घसे बसलेले. इथे टाळ-मृदंग नव्हते इतकंच. अनोळखी माणसं एकमेकांच्या मनगटात प्लॅस्टिकच्या मण्यांची ब्रेसलेटं चढवतात, त्याला 'कँडी' म्हणतात. माझ्या हातात तीन दिवसांत अकरा झाली. एक अजून देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला लटकतंय.

आणि नाच. आमच्याकडे हरमल काही लांब नाही. गोव्याच्या त्या किनारपट्टीवरून ट्रान्स संगीत 'गोवा ट्रान्स' या नावाने जगभर गेलं. २००७ साली कांदोळीला सनबर्न सुरू झाला, तेव्हा आमच्या गावची पोरं स्टॉलवर कामाला जायची. त्यामुळे 'धप धप' हा आवाज मला परका नव्हता, पण तो मी नेहमी भिंतीच्या पलीकडून ऐकलेला. दुसऱ्या पहाटे मागच्या डेकवर उभा राहिलो. समोर बोटीने मागे टाकलेली पांढरी वाट, आजूबाजूला कुठेही जमीन नाही, आणि वाजवणारा पोरगा आवाज हळूहळू कमी करत गेला. शेवटी नुसता खर्ज उरला. पाण्यातून सूर्याची कड वर आली तशी त्याने वरची पट्टी सोडली. हजारभर माणसं एकाच वेळी ओरडली. मीही ओरडलो. काय ओरडलो ते भाचीने मोबाइलमध्ये टिपून ठेवलंय आणि घरी दाखवायची धमकी देते.

तर, हे करू नका असं सांगायला मी बसलेलो नाही. जरूर करा.

पण त्याच्या पुढच्या रात्री, म्हणजे पहाटे साडेपाचला, मी पाय दुखायला लागले म्हणून खाली आलो. आमच्या डेकच्या कॉरिडॉरमध्ये एक मुलगा व्हॅक्युम फिरवत होता. गालिचाभर चमकी. चमकी व्हॅक्युमने निघत नाही. पाच वेळा फिरवलं तरी दिव्याखाली चमकतेच, मग गुडघ्यावर बसून चिकट रोलरने काढावी लागते. मला पाहून तो भिंतीला टेकून उभा राहिला. "गुड मॉर्निंग, सर." छातीवरच्या पाटीवर नाव आणि खाली देश, इंडिया.

मी विचारलं, "इंडियात खयचो रे तू?"

त्याने मशीन बंद केलं. "मालवणचो. देवबाग."

"मी शिरोड्याचो. मी पण हीच बोट वढलंय अकरा वर्सां."

दोन मिनिटं तो काही बोललाच नाही, नुसता हसत होता. मग मी विचारलं, "निजलंस कधी?" "काल दुपारी. दोन तास." बाहीच्या आत त्याने एक कँडी घातलं होतं, कुणा पाहुणीने दिलेलं. युनिफॉर्मवर घालायला परवानगी नाही म्हणून आत सरकवलेलं.

आता तुम्ही म्हणाल, जास्त काम होतं तर बोटीच्या कंपनीने जास्त माणसं ठेवावीत, यात आमचा काय संबंध. संबंध कसा ते सांगतो. माझ्या मते तुमच्या आख्ख्या योजनेत हेच कुणाच्या लक्षात आलेलं नसणार.

नेहमीच्या सहलीत पाहुण्यांची जेवणाची वेळ हेच आमचं घड्याळ. सकाळी आठला ते नाश्त्याला जातात, नाहीतर बंदरावर उतरतात. अकरापर्यंत केबिन रिकाम्या, तेवढ्यात अठरा उरकायच्या. दुपारी तीन तास आपले. संध्याकाळी सहाला पाहुणे पुन्हा जेवायला, तेव्हा दुसरा हात फिरवायचा, रात्री साडेनऊला सुट्टी. कष्ट आहेत, पण ते कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते माहीत असतं. नाचाच्या खेपेत हे घड्याळ मोडतं. सकाळी आठला पाहुणा नुकता झोपलेला असतो आणि दारावर 'डिस्टर्ब करू नका'ची पाटी. दुपारी दोनला एक केबिन उघडते, चारला दुसरी, साडेपाचला तिसरी. रात्री बाराला कपडे बदलायला सगळे एकदम येतात, कारण एक रात्र पायरेट्सची, एक रात्र निऑनची. टॉवेल संपतात, बेसिनमध्ये रंग, शॉवर तुंबलेला, आणि हे सगळं रात्री एकला. काम दुप्पट होतं असं नाही. ते चोवीस तासांवर पसरतं, आणि माणूस चोवीस तास 'आता बोलावतील' या धास्तीत बंकवर आडवा पडून राहतो. त्याला झोप म्हणत नाहीत.

कायदा आहे. एमएलसी २००६ हा खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, आपल्या देशानेही २०१५ साली तो मान्य केला. चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती, सात दिवसांत ७७ तास. ते दहा तास फार तर दोन तुकड्यांत, आणि त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा हवा. वेटर, केबिन आवरणारे स्टुअर्ड, स्वयंपाकी, सगळे यात येतात. माझ्या एका बोटीवर हे दहा तास दर महिन्याला रजिस्टरात व्यवस्थित भरलेले असायचे आणि आम्ही खाली सह्या करायचो. सही नाकारणारा पुढच्या कॉन्ट्रॅक्टला दिसत नसे. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याने काही साधत नाही.

म्हणून तुमच्या पोस्टरवर जे 'अखंड ७२ तास' की काय छापणार आहात, त्याचं वेळापत्रक कोण लिहितं हे महत्त्वाचं. केबिन कधी रिकाम्या होणार हे बोटीचा कॅप्टन ठरवत नाही, हाऊसकीपिंगचा मॅनेजरही ठरवत नाही. ते तुमचा कार्यक्रम ठरवणारा माणूस ठरवतो. दुपारी दोन ते पाच या वेळेत वरच्या डेकवर तुमचं सगळ्यात मोठं नाव लावा. झोपलेलाही उठून पळत येईल. तीन तास अख्खी बोट रिकामी, खालची माणसं एका दमात सगळ्या केबिन उरकतील आणि रात्री झोपतील. तेच मोठं नाव तुम्ही पहाटे तीनला लावलंत, तर दुपारभर पाट्या लटकत राहणार. मोठ्या डीजेला पहाटेचीच वेळ हवी असते, मानपानाचा प्रश्न असतो, हे मला कळतं. पण चार दिवसांत एक दिवस तरी. आमच्या पाच खेपांपैकी एका खेपेला कुणातरी शहाण्या माणसाने असं केलं होतं, बहुधा नकळत. त्या खेपेला मी पाच तास सलग झोपलो. अजून लक्षात आहे.

दुसरं, सकाळी सहा ते दहा कुठेतरी एका ठिकाणीच वाजू द्या, आणि ते ठिकाण थिएटर नको. बऱ्याच बोटींचं थिएटर नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, असतं आणि त्याच्या खाली पाण्याच्या पातळीला आमच्या केबिन. हवेतला आवाज दार लावलं की अडतो. खर्ज मात्र पोलादातून चालत येतो. माझ्या बंकच्या वरचा पाण्याचा ग्लास रात्रभर थरथरायचा, मी तो शेवटी बुटात ठेवायचो.

बक्षिशीचं एक वाक्य सांगून पुढे जातो. तिकिटात सेवाशुल्क धरलेलं असेल तर तसं ठळक छापा, नसेल तर नाही म्हणून छापा. 'सगळं आत आलं' असं मोघम लिहिलंत की पाहुण्याला वाटतं दिलेलं आहे आणि स्टुअर्डला वाटतं पाहुणा कंजूष.

आता मुंबईचं. बोटीवरची पार्टी म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना २ ऑक्टोबर २०२१ ची अमली पदार्थांसाठीची धाड आठवते. पुढचे कित्येक महिने टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. मे २०२२ मध्ये आरोपपत्र दाखल झालं तेव्हा ज्याच्या नावावर सगळा गदारोळ झाला त्या मुलाचं नाव पुराव्याअभावी त्यात नव्हतंच. पण तोवर आमच्या गावातही लोक विचारायला लागले होते, "म्हणजे तू अशा ठिकाणी काम करायचास?" त्या धास्तीने तुम्ही सगळा पैसा वकील, बाऊन्सर आणि कुत्र्यांच्या पथकावर घालाल असं मला दिसतंय. गेटवर झडती घ्या, जरूर घ्या, मायामीलाही घेतात, कुत्रेही असतात. पण झडतीतून सुटून आलेलं काहीतरी प्रत्येक बोटीवर असतंच. तेव्हा पोरांना एवढं कळू द्या की दवाखान्यात खरं सांगितलं तर तिथे पहिलं काम जीव वाचवायचं होईल. मित्राने काय घेतलं हे डॉक्टरला सांगायला घाबरून पोरं त्याला केबिनमध्ये नुसतं झोपवून ठेवतात. दार उघडून ते पहिल्यांदा बघतो तो स्टुअर्ड. मी एकदा बघितलंय. मुलगी वाचली, एवढंच लिहितो.

आमच्याकडे स्पीकरवर "अल्फा, अल्फा" असं झालं की कुणीतरी आजारी आहे असं समजायचं. नाचाच्या खेपेत अल्फाची कारणं बहुतेक वेळा साधी असायची. ऊन, दारू, आणि दिवसभर पाणी न पिणं. मुरगळलेले घोटे. पाणी विकत ठेवू नका. डेकच्या दोन्ही टोकांना मोठे जार ठेवा, फुकट. बोटीच्या दवाखान्यात खाटा मोजक्या असतात, आणि मुंबई-गोवा रात्रीच्या मधोमध कुणाला हलवायचं झालं तर तटरक्षक दलाला हाक मारावी लागते.

मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं त्याचा सराव, त्याबद्दल तुम्ही म्हणाल, ते तर कायद्यानेच आहे. आहे. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली, ३२ माणसं गेली. आदल्याच बंदरात चढलेल्या पाहुण्यांची ड्रिल तोवर झालीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला, आता बोट सुटण्याआधी किंवा सुटल्या-सुटल्या ती घ्यावीच लागते. पण नाचाच्या बोटीवर ड्रिल कशी होते ते मी पाहिलंय. हातात ग्लास, डोक्यावर युनिकॉर्नचं शिंग, आणि सात छोटे-एक लांब भोंगा वाजला की त्याच तालावर नाच. पिवळं जॅकेट घालून मी समोर उभा, मलाही हसू आवरत नसे. हसण्यात वाईट नाही, पण ड्रिल होईपर्यंत बार उघडू नका. उघडून ठेवायचा आग्रह दर वेळी आयोजकच धरतात, बोटवाले नाही.

आणि मुंबईच्या माणसाला हे सांगायला इटलीपर्यंत जायला नको. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. आमची आजी कुणी मुंबईला निघालं की रामदासची आठवण काढायची, गावातलं कुणी तिच्यात नव्हतं तरी. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला चाललेल्या नीलकमलला नौदलाची स्पीडबोट धडकली. तुमची बोट याच पाण्यातून बाहेर पडणार. पहिला डीजे वाजायला लागेल तेव्हा तुमच्या उजव्या-डाव्या हाताला हीच जागा असेल.

वाऱ्याचं गणित मला एका बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, शिकवलं, ते फुकट देतो. बोट १८ नॉटने चाललीय आणि समोरून १५ नॉटचा वारा आहे, तर डेकवर उभ्या माणसाला ३३ नॉटचा वारा लागतो, म्हणजे ताशी सुमारे ६१ किलोमीटर. त्यात तुमची एलईडीची भिंत म्हणजे शीडच. म्हणून अशा खेपेत कॅप्टन बोट हळू करतो नाहीतर वारा पाठीवर घेतो. घाई नसते, कारण बोट कुठे चाललीय याच्याशी वरच्या कुणाला काही देणंघेणं नसतं. तरीही एखाद्या रात्री तो सांगेल, वरचं बंद. तेव्हा बंद म्हणजे बंद. हे तुमच्या करारात असेलच, पण वाजवणाऱ्याच्या मॅनेजरला आधी सांगून ठेवा. त्या वेळी ब्रिजवर, म्हणजे बोट जिथून चालवतात तिथे, जाऊन भांडणारा मॅनेजर मी पाहिलाय. कॅप्टनने त्याला कॉफी दिली आणि दार लावून घेतलं.

चमकीवर मघाशी बोललो ते गालिचापुरतं. चमकी, कागदी फुलोरा, फुगे वरच्या डेकवर लावू नका. प्लॅस्टिक समुद्रात टाकायला मार्पोलची, म्हणजे बोटींचं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराची, सरसकट बंदी आहे, मैल मोजायची सोयच नाही, आणि वाऱ्याने उडालेलं हे टाकलेलंच. आमचे लोक पहाटे त्याच पाण्यात जाळी टाकतात. रापणीत काय काय येतं ते एकदा येऊन बघा, राहायची सोय माझ्याकडे.

मालवणच्या त्या मुलाशी पुढच्या दोन रात्री मी बोलत राहिलो. तो मला एकदाच 'सर' म्हणाला, नंतर 'दादा'. माझी केबिन मी स्वतः आवरत होतो, तर रागावला. "दादा, माझ्या कामाक हात लावू नको, सुपरवायझर बघीत." उतरायच्या आदल्या रात्री एक तरुण डीजे, फार मोठा नाही, आपणहून खाली क्रू बारमध्ये गेला आणि दीड तास त्यांच्यासाठी वाजवलं. पाहुण्यांना तिथे जायला बंदी, त्यामुळे मी पाहिलं नाही. पण ती खोली मला ठाऊक आहे. डेक शून्य, छत हाताला लागतं, एका कोपऱ्यात टेबल-टेनिसचं टेबल. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुलगा टॉवेल द्यायला आला तेव्हा मनगटावर पाच कँडी होती, बाहीच्या वर, उघडी.

तुमची बोट ठरली की मला एक कागद पाठवा. कोण कोण वाजवणार त्याची यादी नको, भाचीला ती माझ्याआधी कळेल. वेळापत्रक पाठवा, तासातासाचं, आणि त्याच्या शेजारी हाऊसकीपिंगच्या पाळ्या लिहिलेल्या असू द्या. मी पेन्सिलने खुणा करून परत पाठवीन. फी नको. फोन करणाऱ्या मुलाकडे नंबर आहेच.

आपला,
शिरोड्याचा एक जुना बोटवाला

ता. क. कानात घालायचे बोळे पाहुण्यांना वाटाल, ते मला माहीत आहे, हल्ली सगळे वाटतात. डेकवरच्या बारवाल्यांनाही द्या. ८५ डेसिबलला आठ तास उभं राहणं ठीक धरतात, १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. वाजवणारा दीड तासाने उतरतो, स्पीकरसमोरचा बारवाला सहा तास तिथेच असतो. आमचा एक गोवेकर मित्र आता घरी आहे, फोनवर बोलताना मला तीनदा 'काय?' विचारतो.